खुर्चीची खालची बाजू

आमचे सर कोणत्याही खुर्चीवर सरळ बसत नसत. आधी ते तिला उलटी करत.

वर्गात आले की हातातली पिशवी खिडकीत ठेवायची, चष्मा कपाळावर चढवायचा, खुर्ची उचलून पाय वर करून टेबलावर ठेवायची आणि तिची खालची बाजू निरखायची. कुठे खिळा वाकवून ठोकलाय, कुठे एक पट्टी वेगळ्याच लाकडाची आहे, कुठे रंग पोचलाच नाही. मग ती सुलटी करायची, रुमालाने पुसायची आणि बसायचं. खुर्ची कालचीच असली तरी हे रोज चालायचं. सुरुवातीला आम्ही खूप हसलो. मागच्या बाकावरचा निखिल म्हणाला, "सरचं काही हरवलं असन बे खाली."

ते सरांना ऐकू गेलं. रागावले नाहीत. म्हणाले, "हरवलं नाही रे, लपवलं असते. वरून सगळ्या खुर्च्या चांगल्याच दिसतात. बनवणाऱ्याले माहीत असते ना, तू वरूनच पाहशीन म्हणून."

नागपूरला धरमपेठेतल्या आमच्या कॉलेजात ते बीबीएला 'व्यवसाय धोरण आणि नीती' हा विषय शिकवायचे. पुस्तकात बऱ्याच कंपन्या होत्या, पण आम्हाला शिकवलं त्या पहिल्या दोन्ही वर्षांत सर एकाच कंपनीबद्दल बोलले. जगभर दुकानं असलेली एक परदेशी फर्निचर कंपनी. तिचं नाव ते घेत नसत, नुसतं 'ती' म्हणत. त्यामुळे बाजूच्या वर्गातल्या मुलींना बरेच दिवस वाटत होतं की सर त्यांच्या मिसेसबद्दल बोलतात.

सर गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांच्याबद्दल आत्ता लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. शेवटच्या सेमिस्टरला कॉलेजात मुलाखती झाल्या आणि मला नोकरी मिळाली. नेमकी त्याच कंपनीत. हैदराबादच्या दुकानात ट्रेनी म्हणून. येते की नाही ते मे महिना संपायच्या आत कळवायचं होतं. मी गावी फोन केला. भिवापूरच्या पुढे आमचं गाव आहे, बाबांची तिथे पिठाची चक्की आहे. आमच्या घरातून मीच पहिली कॉलेजात गेले, त्यामुळे अशा वेळी काय विचारायचं असतं हे घरात कोणालाच माहीत नाही. बाबांनी पगार विचारला नाही. चक्कीचा आवाज बंद केला आणि म्हणाले,

"कंपनी चांगली हाय का?"

"मोठी आहे बाबा. खूप देशांत आहे."

"मोठी हाय ते समजलं. चांगली हाय का, ते इचारून रायलो मी."

 दोन वर्षं मी त्या कंपनीबद्दल ऐकलं, लिहिलं, वर्गात उभं राहून बोलले, पण हे एवढंच सांगता येईना. बाबा म्हणाले, "मंग कोणाले तरी इचार. त्याबिगर मी पाठवत नाही." एवढं बोलून त्यांनी चक्की सुरू केली.

मला माहीत असलेला विचारण्यासारखा माणूस एकच होता. आणि हाच प्रश्न टाळण्याबद्दल तो आख्ख्या कॉलेजात प्रसिद्ध होता.

आम्ही विचारून पाहिलं नव्हतं असं नाही. जवळजवळ प्रत्येक तासाला कोणीतरी विचारायचंच, "सर, मग ती चांगली की वाईट?" सर खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढायचे. त्यात एल आकाराची, सहा कोनांची एक छोटी लोखंडी किल्ली होती. त्या कंपनीचं फर्निचर घेतलं की डब्यातच अशी किल्ली येते, तिने स्क्रू आवळायचे. सर ती बोटावर फिरवत म्हणायचे, "तुले काय वाटते?" आपण 'चांगली' म्हटलं की ते वाईट बाजू मांडायचे आणि 'वाईट' म्हटलं की असे भांडायचे, जसे तिचे वकीलच. त्या किल्लीने ते डब्याचं झाकण उघडायचे, फळ्यावर खुणा दाखवायचे, पाठ खाजवायचे. तिने स्क्रू आवळताना मात्र वर्षातून एकदाच दिसायचे. ते पुढे सांगते.

खुर्च्या उलट्या करायची सवय वर्गापुरती नव्हती. प्राचार्यांच्या केबिनमध्ये पाहुणे बसलेले असताना त्यांनी सोफ्याखाली वाकून पाहिलं, असं शिपाईकाका सांगायचे. मी स्वतः पाहिलेला प्रसंग कॉलेजातल्या एका मॅडमच्या लग्नाच्या रिसेप्शनचा. स्टेजवर नवरा-नवरीसाठी ठेवतात ना, ती लाल मखमलीची सोनेरी सिंहासनं होती. सर आहेर द्यायला वर गेले, हात जोडले आणि चक्क गुडघ्यावर बसले. नवरदेव घाबरला. त्याला वाटलं सर पाया पडतात. तो "अहो सर, अहो सर" म्हणत उठला, तर सरांनी ते सिंहासन मागे कलवलं आणि खाली डोकं घातलं. फोटोग्राफर फोटो काढतच राहिला. खाली उतरल्यावर आम्हाला म्हणाले, "वरून राजा बसला हाय. खाली प्लायवूड, सुतळी, अन् मागच्या लग्नातल्या कोण्या पोरानं चिकटवलेलं च्युइंगम." मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पण मजबूत हाय. पोरीची काळजी नाही."

मला वाटतं सर असेच होते. खालची बाजू बघायचे, पण नावं ठेवायला नाही. तिथे काही चांगलं सापडलं तर त्यांना आनंद व्हायचा.

त्यांच्या परीक्षेचा नियमही वेगळा होता. चाचणी परीक्षेच्या पेपरवर वर लिहिलेलं असायचं की उत्तर माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहा आणि कोणाला विचाराल तेही लिहा. माणूस बरोबर निवडला तर पूर्ण गुण. थापा मारल्या तर शून्य. निखिलने पहिल्याच पेपरला सगळ्या उत्तरांत लिहिलं, "माहीत नाही. सरांना विचारीन." सरांनी सगळीकडे शून्य दिलं आणि खाली लिहिलं, "सरांनाही माहीत नाही."

माझ्यासाठी हा नियम फार मोठा होता. आमच्या शाळेत माहीत नाही म्हणणाऱ्याला उभं करायचे. कॉलेजात आल्यावर पहिलं वर्ष मी नुसती मान हलवत काढलं. इंग्रजी शब्द कळला नाही तरी मान, कळला तरी मान. दुसऱ्या वर्षी सरांच्या पेपरला एक प्रश्न होता: कंपनीला माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यात काम करणाऱ्या बाईला दुपारी धड जेवायला मिळतं की नाही, हे कंपनीला कसं कळेल? पुस्तकात 'तपासणी' असं उत्तर होतं. माझी आई मिरचीच्या सातऱ्यावर जाते. सातरा म्हणजे मिरची वाळवून तिची देठं काढायची जागा. मी भीत भीत लिहिलं, "माहीत नाही. मी आईला विचारीन. सातऱ्यावर साहेब येणार असला की त्या दिवशी सावलीचं कापड बांधतात आणि पाण्याची टाकी भरतात. साहेब येणार नाही त्या दिवशी काय असतं ते आईला माहीत आहे."

सरांनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मला वाटलं जमिनीत जावं. पण वाचून झाल्यावर ते लगेच दुसऱ्या बाजूला गेले. "बरं. मग साहेबानं न सांगता यावं का?" मी म्हटलं, हो. "आला. त्यानं पाहिलं, सावली नाही, पाणी नाही. साहेब चांगला माणूस हाय, त्याले राग आला. त्यानं त्या सातऱ्याची मिरची घेणंच बंद केलं. आता तुझी आई कुठी जाईन?"

मी उभीच होते. सर म्हणाले, "बस बस. मलेही नाही माहीत. म्हणून त पगार देतात मले."

त्या दिवसापासून मी मान हलवणं बंद केलं. एकदम नाही, हळूहळू.

कंपनीचं धोरण ते असं शिकवायचे की आम्हाला ते घरी जाऊनही आठवायचं. ती आधी किंमत ठरवते आणि मग तेवढ्यात बसणारं टेबल आखते, हे सांगताना त्यांनी प्रत्येक गटाला एका चिठ्ठीवर किंमत लिहून दिली आणि म्हणाले, कॉलेजसमोरच्या चहावाल्यासाठी एवढ्यात बसणारा बाक कागदावर काढून आणा. आम्ही कागदावर बाकाचे पाय बारीक करत करत शेवटी तीनवर आणले. सर म्हणाले, "आता सांगा, हा चौथा पाय कोणी खाल्ला? कंपनीनं, चहावाल्यानं, की स्वस्त पाहिजे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकानं?" तासभर भांडण झालं.

फर्निचर सुटं करून चपट्या डब्यात विकायचं आणि जोडायचं काम गिऱ्हाइकाने घरी करायचं, ही त्या कंपनीची सगळ्यात मोठी युक्ती. मी हे सुटीत घरी सांगितलं. आई सुपात धान्य पाखडत होती. तिने थांबून विचारलं, "म्हणजे टेबल इकत घ्याचं, अन् आपणच बनवाचं?"

"हो. म्हणून स्वस्त मिळतं."

"म्हणजे देठासकट मिरची वं. देठं आपण काढाची, अन् वरून खुश व्हाचं."

हे मी सरांना सांगितलं, तर ते एवढे हसले की त्यांना खोकला लागला. तेव्हापासून वर्गात त्या पद्धतीला 'देठासकट' हेच नाव पडलं. विद्यापीठाच्या पेपरातही एकाने तसंच लिहिलं. पण सर हसून झाल्यावर म्हणाले, "आईला माझ्यातर्फे विचारजो, स्वतः देठं काढलेली मिरची जास्त आवडते की नाही? स्वतः जोडलेलं टेबल माणूस सहसा फेकत नाही. कंपनीले हे माहीत हाय." आईने त्यावर निरोप पाठवला, "मले मी न काढलेलीच आवडते. बसून बसून पाय दुखतात."

हैदराबादच्या दुकानात सर आम्हाला एकदा घेऊन गेले होते. त्या दुकानात जमिनीवर बाण असतात. बाणामागून चालत राहायचं. वाटेत सजवलेल्या खोल्या, मग भांडी, उशा, मग गोदाम आणि शेवटी स्वस्त खाणं. आम्ही सगळे हरखून बाणामागून निघालो. मी पहिल्यांदाच एवढं मोठं दुकान पाहत होते आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं. एका खोलीत तर मला जाऊच नये वाटत होतं. खिडकीपाशी अभ्यासाचं टेबल होतं, त्यावर दिवा. अशी खोली मला दहावीत हवी होती.

सर मात्र बाहेर पडायच्या दारातून आत शिरले आणि बाणांच्या उलटे चालत आले. समोरून येणाऱ्या ट्रॉल्यांना "माफ करा, माफ करा" म्हणत. सिक्युरिटीवाल्याने त्यांना अडवलं. "अंकल, इधर से नहीं. तीर देखो, तीर."

"तीर दिसला बेटा. तीर कुठून सुटला ते पाहून राहिलो," असं सर मराठीत म्हणाले. त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. त्याने सरांना हाताला धरून बसवलं आणि पाणी दिलं. त्याला वाटलं अंकल घरच्यांपासून चुकले. सर बसले, अर्थात बसण्याआधी स्टूल उलटं करूनच.

परत येताना गाडीत ते म्हणाले, "उलटं चाललो तर आधी गोदाम दिसलं. मग समजलं, मागच्या सगळ्या खोल्या म्हणजे त्या डब्यांचं स्वप्न हाय." थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाले, "पण स्वप्न वाईट नव्हतं. ते टेबल तू पाहून राहिली होती ना? मीही पाहिलं." मला वाटलं होतं, माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आता त्या किल्लीचं सांगते. सरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी त्या कंपनीचं पुस्तकांचं एक रॅक मागवलं होतं. दर वर्षी नवीन मुलांसमोर तो डबा उघडायचा, अक्षर नसलेलं, नुसत्या चित्रांचं माहितीपत्रक द्यायचं वर्गाने ते रॅक जोडायचं आणि सरांनी त्या एल किल्लीने शेवटचे स्क्रू आवळायचे. मग त्यावर चर्चा. महिनाभराने ते सुटं करून सर स्कूटरवर बांधून घरी न्यायचे. इतक्या वर्षांच्या जोडण्या-सोडण्याने स्क्रूची भोकं ढिली झाली होती. आमच्या वेळी जोडल्यावर ते रॅक असं डुलायचं की निखिल त्याला 'आजोबा' म्हणायचा.

शिक्षक दिन जवळ आला. सरांना काय द्यायचं यावर गटात बोलणं झालं. पेन नको, शाल नको. कोणीतरी म्हणालं, आपण आजोबाला बरं करू. सगळ्यांना एकदम पटलं. आम्ही बहुतेक जण अशा घरांतून आलेलो की डुलणारी वस्तू दिसली की ठोकून पक्की करायची, एवढंच आम्हाला माहीत. निखिल हुडकेश्वरच्या दुकानातून लाकूड चिकटवायचा सरस आणि लांब स्क्रू घेऊन आला. आम्ही प्रत्येक सांध्यात सरस भरला, मागून पट्ट्या मारल्या, कोपऱ्यांत लोखंडी कोन बसवले आणि वरून फूल लावलं.

सर आले. नेहमीप्रमाणे रॅकला हात लावून हलवायला गेले. रॅक हललं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ढकललं. नाही हललं. मग खाली वाकून बघितलं, मागे जाऊन बघितलं.  तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे आता सुटं होणार नाही. म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना ते जोडता येणार नाही. सरांचा एवढ्या वर्षांचा धडा आम्ही सरसाने चिकटवून टाकला होता.

निखिलचा चेहरा पडला. "सर, आमाले वाटलं, तुमाले पुस्तकं ठेवाले होईन..."

सर अजून रॅकच्या मागेच होते. तिथूनच त्यांचा आवाज आला, "पोट्टेहो, तुम्ही याले फर्निचर करून टाकलं."

ते बाहेर आले तेव्हा हसत होते. खोटं हसत नव्हते, ते मला कळलं असतं. त्यांनी पिशवीतली पुस्तकं काढून रॅकमध्ये ठेवली. त्या रॅकमध्ये पुस्तक ठेवलेलं तोपर्यंत कोणीच पाहिलं नव्हतं. मग आम्ही कौतुकाने म्हटलं, घरी पोचवून देतो. चौघांनी उचललं, दारापर्यंत नेलं, तर ते दारातून जाईना. आडवं, उभं, तिरपं, कसंच जाईना. सर टाळ्या वाजवायला लागले. "समजलं? आता समजलं, ती डब्यात काहून विकते?"

ते रॅक अजून त्याच वर्गात आहे. सरांच्या जागी आलेल्या नवीन मॅडम त्यात हजेरीपट ठेवतात.

आणि मग माझी मुलाखत. हैदराबादहून एक मॅडम आल्या होत्या, हिंदीत बोलत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का? मी घरून पाठ करून आले होते की 'नो मॅम, थँक यू' म्हणायचं. पण त्यांनी टेबलावर कंपनीच्या एका छोट्या टेबलाचा नमुना ठेवला होता. माझे हात आपोआप पुढे गेले आणि मी तो उलटा केला. मग उलटा केलाच आहे तर काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "ये लकड़ी कहाँ से आती है?"

मॅडमनी उलट्या नमुन्याकडे बघितलं. म्हणाल्या, "पता नहीं. पूछकर बताऊँगी."

मला वाटलं, गेली नोकरी. पण नोकरी मिळाली, आणि नंतर एके दिवशी त्या मॅडमचा खरंच फोन आला. लाकडाच्या फळ्या कुठल्या कारखान्यात बनतात ते त्यांनी सांगितलं. त्या कारखान्यात लाकूड कुठून येतं ते अजून कळलं नाही, विचारलंय, असंही सांगितलं.

तर बाबा नागपूरला आले आणि मी त्यांना घेऊन हुडकेश्वरला सरांच्या घरी गेले. सरांचं घर मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं, घरात किती सुंदर फर्निचर असेल. बैठकीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. मंडपात असतात तशा, आणि सोफा नव्हता. काकूंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, पन्हं आणलं.

सरांनी सवयीप्रमाणे आपली खुर्ची उलटी केली, बघितली, सुलटी करून बसले. बाबा बसलेले होते ते चटकन उठले. त्यांनीही आपली खुर्ची उलटी केली, खाली नीट बघितलं, सुलटी केली आणि मग अदबीने बसले.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो भाऊ, तुम्ही कायले? ह्यांचं येड आहे ते."

"मले वाटलं, तुमच्याकडे पद्धत असन," बाबा म्हणाले.

सर इतके खुश झाले की त्यांनी बाबांशी हात मिळवला. मग मी कसंबसं सगळं सांगितलं आणि बाबांनी मुद्द्यालाच हात घातला. "सर, तुम्ही हिचे गुरुजी. मले बाकी समजत नाही. कंपनी चांगली हाय का, तेवढं सांगा. म्हणजे मी पोरीले पाठवाले मोकळा."

सरांनी जुडगा काढला. किल्ली फिरायला लागली. "त्याचं असं आहे भाऊ, एका बाजूनं पाहिलं तर..."

"नाही," काकू आतून म्हणाल्या आणि पदराला हात पुसत दारात आल्या. "आज दोन बाजू नाही. लग्न झाल्यापासून माझा सोफा येऊन राहिला. सुताराचा घेऊ त जंगल कोणाचं, कंपनीचा घेऊ त कामगार कोण, जुना घेऊ त अजून काय. ह्यांचं ठरत नाही अन् माझी कंबर गेली प्लॅस्टिकवर बसून. ते तुमचे विद्यार्थी नाहीत, पोरीचे वडील आहेत. सरळ सांगा."

 सरांना असं अडकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "मुलाखतीत काही विचारलं होतं का तू?" मी नमुना उलटा केल्याचं सांगितलं, मॅडमच्या फोनचंही सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

मग ते बाबांकडे वळले. "भाऊ, मले नाही माहीत."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "इतके वर्षं शिकवलं, तरी?"

"शिकवलं म्हणूनच. मी त्या कंपनीचं रॅक उलटं केलं, दुकान उलटं चाललो, पण मी बाहेरचा माणूस. बाहेरून जेवढं दिसते, तेवढं पाहिलं. ही आत जाऊन राहिली. हिनं विचारलं, त्या बाईनं 'माहीत नाही' म्हटलं, अन् मग खरंच फोन केला. म्हणजे आजच्या तारखेला तिथं विचारणाऱ्याले कोणी हाकलत नाही. याच्या पुढचं मी सांगितलं त थाप होईन."

"अन् खराब निघाली त?"

"त हिले दिसन." सरांनी किल्ली फिरवणं बंद केलं. "कंपनीचं माहीत नाही. पण हिले दिसते, हे मले माहीत हाय. त्याची खात्री देतो."

मी पन्ह्याच्या ग्लासात बघत बसले. माझ्याबद्दल असं कोणी बाबांसमोर बोललं नव्हतं. बाबांनी पन्हं संपवलं, ग्लास खाली ठेवला आणि मला म्हणाले, "रिझर्वेशन कवाचं काढाचं?"

काकू म्हणाल्या, "चला, एकाचं तरी ठरलं."

निघताना सरांनी जुडग्यातून ती एल किल्ली सोडवली.  मला वाटलं ती मला देतात. त्यांनी तिने चिवड्याच्या डब्याचं घट्ट झाकण उघडलं, बाबांच्या हातावर चिवडा ठेवला आणि किल्ली परत जुडग्यात अडकवली. मला म्हणाले, "तुले तिथं ढीगभर भेटतीन. अन् हे पाह, काकूसाठी एखादा सोफा पाहून ठेवजो. खालून पाहजो आधी."

"वरूनही पाहजो वं," काकू म्हणाल्या. "बसाचं वरूनच हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो. चक्कीवर दळण घेऊन आलेल्या शेजारच्या काकांना बातमी आधीच कळली होती. त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि चक्कीच्या आवाजावर ओरडून विचारलं, "काहून गा, पोरगी हैदराबादले चालली म्हणते. कंपनी चांगली हाय का?"

बाबांनी चक्की बंद केली. पिठाने पांढरे झालेले हात झटकले.

"मले नाही माहीत," ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "पण कोणाले इचाराचं, ते माहीत हाय."